कापलेले काठ

माझ्या भावोजींना स्टुडिओत सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण भावोजींचे कान इतके तिखट की पाठीमागचं त्यांना आधी ऐकू जायचं. त्या नावाचा त्यांना राग नव्हता. उलट मनातून सुखावायचे, हे मी स्वतः पाहिलंय. एकदा जेवताना मी मुद्दाम म्हटलं, कात्रीभावोजी, जरा मीठ सरकवा इकडे, तर त्यांनी मीठ सरकवलं आणि ओठ दाबून हसले. माझी ताई शेजारीच बसली होती. ती पाणी पीत राहिली.

त्यांचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. चित्रपटात बाई जिना उतरते, कप बशीवर ठेवते, दार आपटून निघून जाते. हे आवाज शूटिंगच्या वेळचेच असतात असं आपण धरून चालतो. बरेचदा ते नसतात. ते नंतर कुणीतरी बंद खोलीत मुद्दाम करतं, दुसरं कुणीतरी माईकवर घेतं, कॉम्प्युटरवर त्यांची कापाकापी करतं आणि नेमक्या जागी चित्राखाली चिकटवतं. अशा एकेका सुट्या आवाजाला ही मंडळी सॅम्पल म्हणतात. भावोजी सॅम्पलं कापायचे. पडद्यावर आवाजाची लाट दिसते, केसाळ सुरवंटासारखी. ती मोठी करून, डोळे बारीक करून, आवाज जिथे सुरू होतो तिथे नाकाशी आणि जिथे विरतो तिथे शेपटीशी ते कात्री चालवायचे. मागे श्वास नाही, पुढे खुर्चीची कुरकुर नाही. दुसऱ्या कुणाचं सॅम्पल मला ऐकवायचे आणि म्हणायचे, बघ, किती कचरा ठेवलाय शेपटीला. मला त्यात कचरा कधी ऐकू आला नाही. पण मी औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहणारी बाई, मी मान डोलवायची.

आधी ते स्टुडिओत नोकरीला होते. पुढे कामं घरी यायला लागली आणि त्यांनी घरातली मागची खोली ताब्यात घेतली. खिडकी बुजवली, भिंतींना गाद्या ठोकल्या, जमिनीवर फरशीचा तुकडा, लाकडाची फळी, सिमेंटचा चौकोन आणि खडीने भरलेला ट्रे अशी रांग मांडली. रॅकवर निरनिराळ्या कड्या, कुलपं, मोडक्या छत्र्या, एक जुनी चामड्याची पर्स आणि रबरी हातमोजे. ते हातमोजे हवेत झटकले की कबुतर उडाल्यासारखं वाटतं. खोलीच्या मधोमध एक जाड लाकडी टेबल, त्याच्या एका टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला माईक. त्या माईकपाशी उभी राहून हे सगळे आवाज करायची ती माझी ताई.

तिला हे काम कुणी शिकवलं नाही. एकदा स्टुडिओतली बाई आली नाही, काम अडलं, आणि भावोजी घरी येऊन म्हणाले, जरा चालून दाखव. ताई चालली. तिचं पाऊल हलकं, टाच आधी टेकायची, आणि पडद्यावरच्या बाईचा पाय कधी पडणार हे तिला आधीच कळायचं. तेव्हापासून ती चालतेच आहे. कितीतरी नट्या माझ्या बहिणीच्या पायांनी चालल्यात, पळाल्यात, जिन्यावरून घसरून पडल्यात. त्यांच्या मुलाखती येतात, हिचं नाव कुठे येत नाही. मी कुरकुर केली तर ताई म्हणायची, अगं, पायांचं काय नाव असतं का.

आता ताईविषयी. लहानपणी आमच्या घरात तिच्या तोंडाला विसावा नव्हता. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधीच सुरू. कोण पडलं, कोण रडलं, बाईंच्या साडीला शाई कशी लागली. बाबा म्हणायचे, ही घरात असताना रेडिओला वीज कशाला जाळायची. आवाजही तसाच होता, खणखणीत, वरच्या पट्टीतला. गल्लीच्या तोंडाशी हाक मारली तर मी मागच्या अंगणातून ओ द्यायची. तिचं लग्न झालं तेव्हा घर इतकं शांत झालं की आई उगाच भांडी आपटायची.

लग्नानंतरच्या त्या खोलीत मी सुरुवातीला बरेचदा बसलेय, दाराशी, हलायचं नाही या अटीवर. दुपारी रस्ता सुस्तावला की त्यांचं काम सुरू व्हायचं. ताई पर्स उघडायची, मिटायची, आणि लगेच विचारायची, ‘झालं?’ हा तिचा शब्द. पावलं टाकली, झालं? कुलूप लावलं, झालं? तिला थांबायचं म्हणून थांबताच यायचं नाही. भावोजी बोट वर करून म्हणायचे, ‘गप्प. चालू आहे.’ मग ताई जीभ चावायची, माझ्याकडे बघून डोळे मोठे करायची, आम्हा दोघींना हसू फुटायचं आणि सगळंच परत करावं लागायचं.

असं एकदा आम्ही हसलो तेव्हा भावोजींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. रागावले नाहीत ते, रागावणं त्यांच्या स्वभावात नाही. नीट समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, ‘तुझा आवाज ना, माईकला टोचतो. बारीक आहे, वरच्या टोकाला चिरतो. तू बोललीस की मला सगळं पुसावं लागतं.’ ताई म्हणाली, हो का, आणि हसली. मी मात्र आतून पेटले. स्वतःच्या बायकोला असं कुणी सांगतं? पण ते त्यांच्या मते तिच्याविषयी बोललेच नव्हते, माईकविषयी बोलले होते. त्या माणसाचं सगळं आयुष्य असंच गेलं. वाईट म्हणावं तर तसा माणूस नाही. ताई आजारी पडली की खिचडी करून भरवायचे, माझ्या नवऱ्याच्या दुखण्यात दवाखान्यात माझ्याआधी पोचलेले. फक्त ऐकायचं काय आणि कापायचं काय, यात त्यांची गल्लत झाली होती आणि ती सांगणारं कुणी नव्हतं.

वर्षं गेली. त्यांना मूलबाळ झालं नाही. माझं तिथे जाणं कमी झालं, फोनवर बोलणं राहिलं. आणि फोनवरच मला आधी ते ऐकू आलं. ताईचा आवाज घोगरा येत होता. मी विचारलं, सर्दी आहे का. म्हणाली, नाही गं, बसलाय घसा. पुढच्या महिन्यातही बसलेलाच. त्याच्या पुढच्या महिन्यात तर ती शब्दाशब्दाला थांबायला लागली. दुकानात घशाच्या गोळ्या मागणारी माणसं रोज बघते मी, हे त्यातलं नाही हे मला कळत होतं. मी तिला फोन भावोजींकडे द्यायला सांगितला आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं. दोन चमच्यांचे आवाज डोळे मिटून वेगळे ओळखता, म्हटलं, आणि घरातल्या माणसाचा आवाज फाटतोय ते ओळखत नाही? ते म्हणाले, ती हल्ली फारशी बोलतच नाही. त्यांनी हे जणू हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गाठ घशातच होती, आवाजाच्या जागी, आणि पसरलेली. स्वरयंत्र काढावं लागेल, मग गळ्याला भोक ठेवून तिथून श्वास घ्यायचा. जीव वाचेल, आवाज जाईल. आत्ता उरलेला जो आवाज होता तो तर आधीच घोगऱ्या फुंकरीपेक्षा जास्त नव्हता. ताईने मान हलवली. मी उगाचच पर्समध्ये रुमाल शोधत राहिले.

त्याच इमारतीत एक तरुण बाई होती, आवाज गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करायचं तिचं काम. तिने आम्हाला बसवून सांगितलं की हल्ली एक सोय निघाली आहे. पेशंटचं जुनं बोलणं रेकॉर्ड केलेलं असेल, तासाभराचं, स्वच्छ, वेगवेगळ्या वाक्यांचं, तर त्यावरून कॉम्प्युटर अगदी तिच्यासारखा आवाज तयार करतो. ताईने टाईप करायचं आणि फोन ताईच्या आवाजात बोलेल. आवाज बसायच्या आधीचं रेकॉर्डिंग मात्र हवं.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर मी भावोजींचा हात धरला आणि म्हटलं, देवच पावला, जगात कुणाच्या घरी नसतील एवढी रेकॉर्डिंगं तुमच्या घरी आहेत. भावोजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

‘तिचा आवाज नाहीये माझ्याकडे,’ ते म्हणाले.

‘म्हणजे? इतकी वर्षं रेकॉर्ड काय केलंत?’

‘पावलं आहेत.’

मला वाटलं माणूस घाबरून काहीतरी बोलतोय. पण ते खरं होतं. घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं. एकेका हार्ड डिस्कवर फोल्डरच्या आत फोल्डर, नावं कशी तर ‘दार लाकडी हळू’, ‘दार लाकडी रागाने’, ‘पर्स चामडी उघड’, ‘पाऊल बाई चप्पल ओली’. हजारोंनी सॅम्पलं, सगळी ताईच्या हातापायांची, आणि एकातही ताई नाही. काप मारून त्याच नावाने जतन करायची त्यांची पद्धत. मूळ कशाला ठेवायचं, कचराच तो, अशी त्यांची शिस्त. त्या शिस्तीचा त्यांना अभिमान होता, आणि त्या दिवशी ते त्या कपाटासमोर उकिडवे बसून एकेक आवाज लावत होते आणि प्रत्येक आवाज अगदी स्वच्छ सुरू होऊन स्वच्छ संपत होता.

मग आम्ही बाकीचं धुंडाळलं. लग्नाच्या व्हिडिओवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई चिकटवलेली. फोनमधल्या व्हिडिओत आम्ही सगळे दिसतो, कारण फोन ताईच्या हातात. कुठे मागून तिचं हसणं, कुठे ‘अगं सरक’, तेही पंख्याच्या घरघरीत. मी माझ्या फोनवर तिचे निरोप शोधले, तर एकही बोललेला नाही, सगळे टाईप केलेले. मी तिला किती वेळा म्हटलं होतं, एवढं टाईप काय करत बसतेस, बोलून पाठव की. बोलायची मात्र नाही. टोचणारा आवाज कोण कशाला पाठवेल. हे मला त्या वेळी कळलं आणि भावोजींच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण ते आधीच इतके खचलेले होते की मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

ऑपरेशन झालं. ताई घरी आली. गळ्याशी पातळ कापडाची पट्टी, हातात पोरांची असते तशी पांढरी पाटी आणि पेन. मी रजा काढून त्यांच्याकडेच राहिले. घशाला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्यातून निघणारा आवाज ऐकून ताईने ते डब्यात घालून वर ठेवून दिलं. फोनमधला तयार बाईचा आवाज ऐकवला, तर तिने पाटीवर लिहिलं, ‘ही बँकेतली आहे.’ आम्ही हसलो. तिचं हसणंही आता बिनआवाजाचं होतं, फक्त खांदे हलायचे.

कुणाला बोलवायचं असलं की ती जवळ जे असेल त्यावर बोटाने टकटक करायची. दोनदा, हलकेच. मला वाटलं दवाखान्यात शिकून आलीय. पहिल्यांदा तिने जेवणाच्या टेबलावर अशी टकटक केली तेव्हा भावोजी पाठमोरे उभे होते आणि सहज म्हणाले, ‘हं, बोल.’

आपण सगळेच म्हणतो तसं. कुणी हाक मारली की हं, बोल. पण तो शब्द बाहेर पडला आणि आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. भावोजींनी तोंडावर हात ठेवला. ताईने खांदे उडवले आणि पाटीवर लिहिलं, ‘डाळ उतू जातेय.’ पुढे त्यांनी ‘काय गं’ म्हणून पाहिलं, ‘आलो’ म्हणून पाहिलं, पण जिभेला वळण पडलेलं. टकटक झाली की हं, बोल. काही दिवसांनी आम्हाला ते ऐकू येईनासं झालं.

पण ती आवाजाची सोय भावोजींच्या डोक्यातून गेली नव्हती. एक दिवस ते भाजी निवडता निवडता उठले आणि म्हणाले, ‘स्टुडिओत असेल.’ मला काही कळेना. मग त्यांनी कॉम्प्युटरपाशी नेऊन दाखवलं. कापायच्या म्हणे दोन तऱ्हा. सॅम्पल कापून जतन केलं की कापलेलं गेलं, कायमचं. पण चित्रपटाचं काम करताना चित्राखालच्या पट्टीवर अख्खं रेकॉर्डिंग ठेवतात आणि फक्त त्याचे काठ आत ढकलतात. काठापलीकडचं ऐकू येत नाही, दिसत नाही, पण ते खाली असतं. माऊसने काठ धरून बाहेर ओढला की झाकलेलं सगळं परत येतं. त्यांनी एका पट्टीचा काठ ओढून दाखवला आणि सपाट जागी केसाळ लाट उगवली. चित्रपटांची ती कामं पूर्ण झाली की स्टुडिओत जात आणि स्टुडिओ त्यांचा बॅकअप ठेवत असे. भावोजींनी तिथे कधी ढवळाढवळ केली नव्हती, म्हणून ते वाचलं होतं.

आम्ही दोघं गेलो. स्टुडिओत आता नवी माणसं होती, पण तळघरातला बॅकअपवाला जुनाच. त्याने भावोजींना ओळखलं, का हवंय ते ऐकलं, आणि कपाटाची किल्ली दिली. आम्ही पिशव्या भरून डिस्क आणल्या. येताना भावोजी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, तान्ह्या पोराला धरावं तशी.

मग ते खोलीत शिरले ते शिरलेच. एकेक जुना चित्रपट उघडायचा, ताईच्या हातापायांची क्लिप शोधायची, काठ धरून ओढायचा, ऐकायचं. मी जेवायला बोलवायला जायची तेव्हा एक कान मोकळा ठेवलेला असायचा, ताईच्या टकटकीसाठी. पहिला आवाज सापडला तेव्हा ते बाहेर आले आणि मला हाताने बोलावलं. आत नेऊन हेडफोन माझ्या कानावर ठेवले. खडीवरची पावलं थांबली आणि ताई म्हणाली, ‘झालं?’ माझी ताई, गल्लीच्या तोंडापासून हाक मारणारी. माझ्या डोळ्यांना धार लागली.

आशा वाटायला लागली होती, नाही म्हणत नाही. ते शोधत राहिले. पण जसजसे दिवस गेले तसं आमच्या लक्षात आलं की प्रत्येक काठाखाली तेवढंच आहे. झालं? झालं का? झालं हो? कधी खोकून, कधी हसत, कधी तोंडात काहीतरी चघळत. दुसरं काही म्हणायला तिला सवडच दिलेली नव्हती. पुढच्या क्षणी भावोजी रेकॉर्डिंग बंद करत. ते सगळे तुकडे घेऊन ते त्या तरुण बाईकडे गेले. तिने सगळे ऐकले, मनापासून ऐकले, आणि म्हणाली की एका शब्दावरून यंत्राला भाषा शिकवता येत नाही. तिला बरेच शब्द हवे होते, वाक्यं हवी होती, साधी रोजची. घरी येऊन चपला काढताना भावोजी म्हणाले, ‘रोजची वाक्यं.’ आणि तिथेच पायरीवर बसून राहिले.

म्हणजे ती वाट बंद झाली. मी परत जायचं ठरवलं, रजा किती दिवस पुरणार. निघायच्या आदल्या दुपारी भावोजींनी ताईला मागच्या खोलीत बोलावलं. ऑपरेशननंतर ती तिथे गेली नव्हती. तिला माईकपाशी खुर्ची दिली. माझी जागा दाराशी, नेहमीची. ते म्हणाले, बोलणारा आवाज काही करता आला नाही, पण जे आहे ते तुला द्यायचंय. एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. मग त्यांनी प्ले केलं.

त्यांनी सगळे ‘झालं’ एकापुढे एक लावले होते, पहिल्या वर्षापासून क्रमाने. पहिले सगळे उड्या मारत आलेले. मग जरा स्थिर. मग घाईतले. मग असे की ज्यांच्यापुढचं प्रश्नचिन्ह गळून पडलंय, नुसतं झालं. शेवटचे तर पुटपुटल्यासारखे होते, विचारून न विचारल्यासारखे. मग संपलं. एकंदरीत फार वेळ लागला नाही. एका बाईचं त्या खोलीतलं सगळं बोलणं तेवढ्यात संपलं आणि मला वाटलं, याहून मला ते ऐकवलंच नसतं तर बरं.

ताई डोळे मिटून ऐकत होती. तिने डोळे उघडले, पाटी घेतली आणि लिहिलं, ‘तुम्ही कुठे?’

भावोजींना समजलं नाही. तिने खाली लिहिलं, ‘गप्प.’

मला आधी उमगलं. प्रत्येक झालंच्या मागेपुढे भावोजींचा ‘गप्प’ होता, मी स्वतः ऐकलेला. तो कुठेच नव्हता. भावोजी खाली बघत म्हणाले, ‘ते काढलं मी. साफ केलं.’

आता मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. ‘आयुष्यभर तिला कापलंत,’ मी म्हटलं, ‘आणि आज भरपाई करायला बसलात तर स्वतःला कापून मोकळे झालात.’ ताईने मला हाताने थांबवलं. मग तिने अंगठा आणि बोट जुळवून हवेत काहीतरी चिमटीत धरलं आणि बाहेर ओढलं. इतकी वर्षं त्या टेबलापाशी उभी राहिलेली ती, काठ कसा ओढतात हे तिला ठाऊक होतं.

भावोजींनी पट्टीवरच्या सगळ्या क्लिपा एकदम निवडल्या. ज्यांत तिच्या बोलण्याची लाट दिसली नाही म्हणून त्यांनी न ऐकताच पट्टीच्या शेवटी बाजूला सारून ठेवल्या होत्या, अलीकडच्या चित्रपटांच्या, त्याही त्यात आल्या. मग त्यांनी काठ धरला आणि ओढला. सपाट पट्टी दोन्ही बाजूंनी भरून आली. त्यांनी प्ले केलं.

‘गप्प. चालू आहे,’ स्पीकरमधले तरुण भावोजी म्हणाले. पावलं. ‘झालं?’ आणि खट्, बंद. ‘गप्प.’ पर्स उघडली, मिटली. ‘झालं?’ खट्. ‘गप्प.’ कुलूप. ‘झालं का?’ खट्. मी उत्तराची वाट बघत होते. आपण वाट बघतोय हे मला जरा वेळाने कळलं. एकाही क्लिपमध्ये उत्तर नव्हतं. ती विचारायची आणि ते बटण दाबायचे. असं वर्षानुवर्षं, चित्रपटामागून चित्रपट. तिचा आवाज खाली उतरत गेला, त्यांचा तसाच राहिला. भावोजींनी चष्मा काढला आणि आमच्याकडे पाठ करून शर्टाच्या टोकाने पुसू लागले. पुसतच राहिले.

मग ती बाजूला सारलेली रेकॉर्डिंगं सुरू झाली. त्यांत ताई बोलतच नव्हती. दुखणं यायच्या पुष्कळ आधीची ती, आवाज शाबूत असतानाची. तरी भावोजी सवयीने म्हणत होते, गप्प, चालू आहे, गप्प बसलेल्या बाईला. पावलं यायची, थांबायची. जिथे झालं यायचं तिथे काही नाही. आणि मग त्या जागी, त्याच लाकडी टेबलावर, बोटाने दोनदा, हलकेच, टकटक.

‘हं, बोल,’ पाठमोरे भावोजी म्हणाले.

ते चष्मा लावत वळले. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते, पाटीवर पालथे, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग स्पीकरकडे. त्यांना कळलं ते मला दिसलं. हात पुढे करून बंद करायला हवं होतं त्यांनी, पण ते तसेच उभे राहिले आणि पुढची क्लिप सुरू झाली.

‘गप्प,’ स्पीकरमधले भावोजी म्हणाले. ‘चालू आहे.’